सहावी धामण आणि मी

मी एक जुने फावडे आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड नाही.

लोहाराने मला लालभडक तापवून असे काही बडवले, की माझी धार बघून तो स्वतःच म्हणाला, "वा! याने तर दाढीसुद्धा होईल." पण माझ्या नशिबी आला लाकडाचा भुसा! एका वखारीत मी दिवसभर तो ओढायचे आणि घमेल्यात भरायचे.

वखारीत दोन भाऊ होते. थोरले दादा करवतीवर. तिथे तीस वर्षे काढूनही त्यांची दहाच्या दहा बोटे शाबूत होती, आणि पाहुणा आला की ते ती पसरून दाखवायचे! धाकटा मुकादम. त्याची दोन लहान मुले भुशाच्या ढिगावर लोळत असायची, म्हणून सापाचे नुसते नाव काढले तरी त्याच्या काळजाचे पाणी व्हायचे.

लाकडांखाली उंदीर आणि उंदरांमागे साप. पहिला निघाला तो माणसापेक्षा लांब, अंगाने सडपातळ, आणि वेग असा की दिसला म्हणेपर्यंत दहा हात पुढे.

"केवढा पळतोय! जहरीच असणार!" मुकादम ओरडला आणि त्याने मला उचलले. पहिला घाव पाठीत बसला. दुसऱ्या घावात दोन तुकडे झाले. शेपटीचा तुकडा कितीतरी वेळ माझ्या पात्यावर फटाफट आपटत राहिला. सगळे म्हणाले, "काय धार आहे फावड्याला!" आणि खरे सांगू? मला छाती असती, तर ती फुगली असती.

मुकादमाने त्या सापाला फाटकावर टांगले. जेवणाच्या सुट्टीत दादांनी त्याचे तोंड काडीने वर केले.

"धामण आहे रे धाकट्या. बिनविषारी. हे बघ, डोळे मोठे, बाहुली गोल, मान बारीक. आणि ओठांवर या काळ्या उभ्या रेघा, पेन्सिलीने ओढल्यासारख्या. ती आपल्याला घाबरून पळत होती."

"डोळे बघत बसू? मी काय चष्म्याचं दुकान टाकलंय?"

मग दुसरी, तिसरी, चौथी. कुणाला मी ठेचले, कुणाला चिरले. एकीच्या पोटातून अर्धवट गिळलेला उंदीर बाहेर पडला. दर वेळी दादा फाटकाशी उभे राहून म्हणायचे, "ही पण धामणच." पाचवीच्या वेळी मात्र ते चिडले. "मेल्यावर ओळखून काय उपयोग? एकदा जिवंतपणी ओळखू दे ना मला!"

सहावी भर दुपारी भुशातून निघाली. मुले ढिगावरच होती. मुकादमाने मला इतके उंच उचलले, की माझा दांडा करकरला. दादा करवत चालू ठेवूनच धावत आले आणि गुडघ्यावर बसले. साप बिथरू नये म्हणून ते अगदी हळूच म्हणाले, "थांब. ओठ दिसतायत. धामणच आहे..." आणि त्यांनी हात आडवा धरला.

करवतीच्या आवाजात मुकादमाला काहीच ऐकू गेले नाही. मी ऐकले! पण निघालेले फावडे थांबणार कसे?

सापाचे हाड नाजूक असते, ते मला चांगले ठाऊक झाले होते. हे तसे नव्हते. दोन बोटे भुशात पडली आणि पिवळा भुसा लाल होत गेला. धामण केव्हाच कुंपणापार झाली होती.

दादांचा डबा घेऊन आलेल्या वहिनी डबा टाकून धावल्या. "साप चावला? कुठे चावला हो?"

मुकादमाने मला खाली टाकले. "साप नाही, वहिनी," तो म्हणाला. "मी."

दादांचा हात वाचला, बोटे नाही वाचली. आता करवतीवर दुसराच माणूस असतो. मी शेडमागे गंजत पडले आहे, आणि वखारीतले उंदीर दिवसाढवळ्या माझ्या अंगावरून फिरतात.

मित्रांनो, मला डोळे नाहीत, तुम्हाला आहेत. साप दिसला की मागे सरा, लहानांना मागे घ्या, सर्पमित्राला बोलवा. ओठांवरच्या रेघा बघायला जवळ मुळीच जाऊ नका. आणि कुणी माझ्यासारखे काही उचलले, तर ओरडा. अगदी घसा फाटेपर्यंत ओरडा! दादा फार हळू बोलले होते.