पूजेतून राहून गेलेला जॅक

मित्रांनो, मी जॅक. गाडी उचलणारा. मला जुना म्हणा, चालेल. भंगार म्हणालात तर मात्र तुमचं-माझं जमायचं नाही! दिसायला मी पाण्याच्या बाटलीएवढा, पण भरलेला टेम्पो उचलला आहे मी. पोटात तेल आणि त्या तेलाला अडवून धरणारं एक चामड्याचं वॉशर, एवढीच माझी सगळी ताकद.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. पहिला मालक कसा होता ते विचारू नका. त्यानं मला जुन्या बाजारात गंजत टाकलं. तिथून एका रविवारी बद्रीनाथनं मला उचललं. बद्रीनाथ हडपसरच्या एका कारखान्यात फिटर होता. त्यानं मला रॉकेलनं धुतलं, नवं वॉशर बसवलं आणि म्हणाला, "चल गड्या, लाग कामाला." त्या 'गड्या'वर मी वीस वर्षं राबलो. आळीतल्या रिक्षा उचलल्या, दुधाच्या गाड्या उचलल्या. एकदा तर वऱ्हाडाचा टेम्पो उचलला, तेव्हा नवरदेव स्वतः मला हात जोडून उभा होता. खोटं नाही सांगत!

पण बद्रीनाथचा एक नियम होता. मी गाडी उचलली, की तो लगेच तिच्याखाली बाभळीचा ठोकळा सरकवायचा आणि मगच आत शिरायचा. "जॅक उचलतो, ठोकळा धरतो," असं तो म्हणायचा. मला राग यायचा. घाम गाळायचा मी आणि भरवसा त्या मुक्या लाकडावर!

मग दिवस पालटले. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्तीचे कागद पुढे केले आणि बद्रीनाथनं मान खाली घालून सही केली. रस्त्यापलीकडे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्याच एकीत त्याची लेक अपेक्षा कॉम्प्युटरवर कामाला लागली. बद्रीनाथ मात्र सकाळी वर्तमानपत्र उघडायचा आणि दुपारपर्यंत त्याच पानावर असायचा. मी जिन्याखाली गोणपाटात पडून होतो. आम्हा दोघांना एकदमच निवृत्त केलं म्हणा ना.

हे अपेक्षाला बघवेना. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, घराच्या बाजूला जागा आहे ना, तिथे गॅरेज बांधू. आपलं, घरचं. तुम्ही शिकवायचं, मी शिकायचं."

"तू? आणि गाड्या?" बद्रीनाथ म्हणाला.

"का? दिवसभर मी जे दुरुस्त करते ते हातात धरता येत नाही हो. मला हात काळे करायचेत."

तिची आई गोदाबाई म्हणाली, "कर बाई काळे. पण माझ्या टॉवेलला पुसू नकोस."

आणि काय सांगू मित्रांनो, म्हातारा उठला! पत्रे आले, सहा इंचांचा कोबा झाला. कोब्यावर तो रोज सकाळी स्वतः पाणी मारायचा. भिंतीवर फळी ठोकून त्यानं प्रत्येक पान्याची आकृती रंगानं काढली, म्हणजे कुठला पाना जागेवर नाही ते लगेच कळावं. बद्रीनाथचा कारखान्यातला जोडीदार हमीद, जो पूर्वी त्याच्या शेजारच्या मशीनवर होता, त्यानं आपला लाडका हातोडा आणून त्या फळीवर टांगला. "घरी बसून तो बिचारा कंटाळला होता," म्हणाला. समोरच्या भिंतीवर अपेक्षानं तांबड्या अक्षरांत लिहिलं, 'जॅक उचलतो, ठोकळा धरतो.' एक जुनी फियाट आणली, आणि बापलेकीचे रविवार तिच्याखाली जाऊ लागले.

मी मात्र गळायला लागलो होतो. नव्या कोऱ्या कोब्यावर माझ्या बुडाखाली तेलाचा डाग पडला. गोदाबाई ओरडली, "अहो, बघा याचे प्रताप!"

बद्रीनाथनं माझ्यावरून हात फिरवला. "म्हातारा झालाय बिचारा, माझ्यासारखा. दसरा झाला की वॉशर बदलतो." आणि माझ्याखाली त्यानं वर्तमानपत्राचा कागद अंथरला. किती माया! मी तर विरघळलोच.

खंडेनवमी आली. नव्या गॅरेजची पहिलीच पूजा. सगळे पाने, पकडी, हमीदचा हातोडा, एवढंच काय, बाभळीचे दोन्ही ठोकळेसुद्धा पाटावर बसले. हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा पडल्या, नारळ ठेवला. गोदाबाईनं बजावलं, "आज कुणी हत्याराला हात लावायचा नाही. आज त्यांची सुट्टी."

आणि मी? मी आदल्या दिवसापासून फियाटच्या डिकीत! कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. वीस वर्षं राबलो त्याचं हे फळ, म्हणून मी आत फुगून बसलो.

पूजा झाल्यावर नवराबायको आपट्याची पानं आणायला मंडईकडे गेली. अपेक्षा एकटीच घरी होती. फियाटचा सायलेन्सर खडखडत होता. उद्या दसऱ्याला बाबांना गाडीतून फिरवायचं, तेव्हा आवाज येता कामा नये, हे तिच्या मनात. तिनं डिकी उघडली.

"अरेच्चा! तुझी पूजा राहिलीच की. मग तुला सुट्टी नाही."

तिनं मला लावलं आणि मी गाडी उचलली. डिकीतल्या पिशवीतला पाना घेऊन ती वळली, ठोकळ्यांकडे पाहिलं. त्यांच्यावर माळा होत्या. भिंतीवरची स्वतःचीच अक्षरं तिनं वाचली. "पूजेतलं कसं हलवू? दोन मिनिटांचं तर काम," असं पुटपुटून ती आत सरकली.

मित्रांनो, आधी मला अभिमानच वाटला. ठोकळा नाही, फक्त मी! आणि मग पोटात वॉशर फाटल्याचं मला कळलं. तेल सुटलं. मी केसभर खाली आलो. मग आणखी केसभर. आत ती गुणगुणत होती आणि मला ओरडायला तोंड नव्हतं. थांब, थांब, असं मी स्वतःलाच सांगत होतो. जीव तोडून धरत होतो. पण जिद्दीनं तेल थांबत नाही हो!

तेवढ्यात हमीद आला. दर खंडेनवमीला तो प्रसादाला यायचाच. दारातच त्याला कोब्यावरून वाहणारी तेलाची धार दिसली.

"बाहेर नीघ, पोरी!"

"चाचा, ओढणी अडकलीय..."

हमीदनं पाटाकडे झेप घेतली. नारळ गडगडला, निरांजन उलटलं. माळेसकट ठोकळा उचलून त्यानं गाडीखाली सारला, आणि मी संपलो. फियाट धप्पकन बसली ती झेंडूवर, बाभळीवर. अपेक्षाच्या छातीपासून चार बोटं वर.

हमीदनं ओढणी टरकन फाडून तिला बाहेर ओढलं. "वहिनींची पूजा मोडली," एवढंच तो म्हणाला.

नवराबायको परतली तेव्हा सगळं तसंच पडलेलं होतं. हमीद मान खाली घालून उभा. गोदाबाईनं लेकीला पोटाशी धरलं, मग हमीदकडे पाहून म्हणाली, "भावजी, आज पूजा मोडली नाही, आज ती पावली." ती कोब्यावर बसली आणि गाडीखालच्या त्या ठोकळ्याला तिनं पुन्हा हळदकुंकू वाहिलं.

अपेक्षा रडत म्हणाली, "बाबा, चूक माझी."

"अर्धी तुझी," बद्रीनाथ म्हणाला. "अर्धी माझी. डाग दिसत होता मला." त्यानं पाटावरचा पाना उचलला. आयुष्यात प्रथमच, खंडेनवमीच्या दिवशी! तिथेच मांडी घालून त्यानं मला उघडलं. वॉशर बदलताना त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडत होतं.

आता दरवर्षी पूजेत पहिला मान माझा असतो. पण माझ्या शेजारी ठोकळा बसतो आणि मला त्याचा राग येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी जुनं, राबून थकलेलं असेल. त्याच्यावर माया करा, जरूर करा. पण ते गळायला लागलं, तर खाली कागद अंथरू नका. त्याच दिवशी उघडून बघा.