खोबऱ्याचे तीन वास

मी एक जुनी भट्टी आहे, मित्रांनो. भट्टी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर लोहाराकडचे लाल निखारे आले असतील, तर ते आधी विझवून टाका. मी बेकरीतली, गॅसवर चालणारी, पोटात दोन कप्पे असलेली लोखंडी भट्टी. हिरव्या रंगाचे पोपडे उडाले आहेत, दरवाजा एका बाजूला जरासा कलला आहे. रूप म्हणाल तर यथातथाच. पण माझ्या पोटातून जे बाहेर पडायचं, त्यासाठी लोक दुकानाच्या पायऱ्यांवर ताटकळत उभे राहायचे. सध्या मी मागच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहे आणि भंगारवाल्याच्या टेम्पोची वाट पाहते आहे. तो येण्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे. गोष्ट माझी असली तरी तिच्यात जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याचा.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे लोखंडाचे पत्रे कापले, वाकवले आणि ठिणग्या उडवत एकमेकांना जोडले. जोडणाऱ्या कारागिराचं लक्ष बहुधा जेवणाच्या सुट्टीकडे लागलं असावं, कारण माझा मागचा डावा कोपरा पहिल्या दिवसापासून जास्त तापतो. तिथे ठेवलेलं बिस्किट बाकीच्यांच्या आधी लाल होतं. ही खोड माझी जन्माची आहे आणि मी ती कधी लपवली नाही.

मला विकत घेणाऱ्या माणसाने छोटी बेकरी काढली होती. त्याची धाकटी बहीण भाजायचं बघायची आणि त्याची बायको दुकान सांभाळायची. पुढे तो वारला, मुलं शिकून दूर गेली आणि दुकानात या दोघीच उरल्या, नणंद आणि भावजय. घरातली मुलं नणंदेला आत्या म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच तिला आत्या म्हणू लागली. मीही आत्याच म्हणते. वहिनी मात्र तिला वन्सं म्हणायची, तेही कमरेवर हात ठेवून. दोघींचं दिवसातून एकदा वाजलं नाही तर मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

दुकानाच्या पाटीवर ‘कुकीज’ असं झोकात लिहिलं होतं, पण आत सगळे बिस्किटंच म्हणायचे. आणि काय ती बिस्किटं! आंब्याचा आटवलेला रस आणि काजू घातलेली. फणसाच्या गऱ्यांचे तुकडे आणि बदाम घातलेली. केळ्याची, वरून दाण्यांचा कूट भुरभुरलेली. या सगळ्यांची राणी म्हणजे अननस-खोबऱ्याचं बिस्किट. ते करायला सर्वांत अवघड. अननसाच्या वाळवलेल्या फोडींतली साखर कडेने सुटते आणि बघता बघता काळी पडते. खोबरं तर त्याहून लबाड. पांढरं दिसता दिसता ते करपून जातं.

त्या दुकानात भाजायला घड्याळ नव्हतं. आत्याचं नाक होतं. ती सांगायची, भट्टीतल्या खोबऱ्याला तीन वास असतात. पहिला ओलसर, नुकत्याच किसलेल्या खोबऱ्याचा. दुसरा दुधासारखा गोड, आणि तोच फसवा. नवशिकी माणसं त्यालाच भुलतात आणि बिस्किटं कच्ची बाहेर काढतात. तिसरा तेल सुटलेल्या, भाजक्या खोबऱ्याचा. तो आला की हातातलं काम टाकून दरवाजा उघडायचा. आत्या पार अंगणात कपडे वाळत घालत असली, तरी तिसऱ्या वासाला माझ्यासमोर हजर व्हायची.

“वन्सं, तुमच्या नाकाला किल्ली द्यावी लागत नाही ते बरं आहे,” वहिनी म्हणायची.

“तुझ्या तोंडालाही लागत नाही गं,” आत्या म्हणायची.

माझा मागचा डावा कोपराही आत्याला पाठ होता. तिथे ती नेहमी जरा जाडसर बिस्किटं ठेवायची. बिस्किटांचं कौतुक झालं की ती माझ्या दरवाजावर थाप मारायची. इतकी वर्षं माझं असं सुखात गेलं.

मग आत्याला ताप आला. अंथरुणातून उठायला तिला बरेच दिवस लागले. उठल्यावर ती थेट माझ्याकडे आली. तिने आंब्याच्या रसाचा डबा उघडला आणि त्यावर नाक धरलं. मग जरा वेळाने पुन्हा धरलं. मग काजूची बरणी उघडली, खोबऱ्याचा डबा उघडला. शेवटी सगळी झाकणं एकेक करून लावून टाकली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. वहिनी तेव्हा पुढे गिऱ्हाईक करत होती. हे पाहिलं ते फक्त मी.

मला वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. तिने सांगितलं नाही. तिने वेगळीच युक्ती काढली. दुकान आणि भट्टीची खोली यांच्यामध्ये एक उघडी चौकट आहे. तिच्यातून वहिनीची पाठ आणि अर्धा चेहरा दिसतो. बिस्किटं भाजत आली की वहिनी पैसे मोजता मोजता नकळत मान वर करायची आणि खोल श्वास घ्यायची. चांगला वास आला की आपण सगळेच तसं करतो. आत्या आता माझ्याकडे पाहतच नव्हती. ती चौकटीकडे डोळे लावून बसायची आणि वहिनीची मान वर झाली की दरवाजा उघडायची. बिस्किटं पूर्वीसारखीच निघत राहिली. पण आत्याच्या कपाळावरचा घाम काही माझ्या आचेचा नव्हता. ती भेदरलेली होती. मला तिची फार दया यायची, आणि रागही यायचा.

एकदा वहिनीला पडसं झालं. सुंठ उगाळून झाली, वाफारे घेऊन झाले, नाक मोकळं होईना. ती रुमाल नाकाला लावून गिऱ्हाइकं करत राहिली. मान वर झालीच नाही. आत्या बसली आहे वाट बघत, आणि माझ्या पोटात अननस-खोबऱ्याचे सगळे ट्रे काळे ठिक्कर. धूर चौकटीतून दुकानात गेला तेव्हा गिऱ्हाइकांनीच आरडाओरडा केला.

वहिनी धावत आली. “हे काय झालं, वन्सं?”

आत्या माझ्याकडे पाहून म्हणाली, “भट्टी म्हातारी झाली बहुतेक. आच मध्येच वाढते हल्ली.”

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते बिस्किटं आत घ्यायला आणि बाहेर द्यायला. मी काय बोलणार? वहिनीचं नाक बरेच दिवस चोंदलेलंच राहिलं, आणि त्यानंतर जे काही बिघडेल त्याचं खापर माझ्यावर फुटू लागलं. केळ्याची बिस्किटं कच्ची राहिली, भट्टी म्हातारी झाली. बदाम काळे पडले, भट्टी म्हातारी झाली. वहिनी येता-जाता मला चार शब्द सुनवायची. माझ्या दरवाजावर थाप पडायची बंद झाली. इमानाने राबलेल्या कोणालाही असं नाहक बोलणं ऐकून घेणं जड जातं.

शेवटी वहिनीने मिस्त्रीला बोलावलं. त्याने मला भिंतीपासून ओढून काढलं, माझे बर्नर उघडले, फुंकून पाहिले. “भट्टी ठणठणीत आहे, वहिनी. हिला धाड भरलेली नाही,” तो म्हणाला. आत्या तेव्हा पीठ चाळत होती. तिने वर पाहिलं नाही. मिस्त्रीने बर्नर घासले आणि जाताना मला ढकलून भिंतीला लावलं. घाईत ढकलल्यामुळे गॅसची रबरी नळी माझ्या पाठीच्या तापत्या पत्र्याला चिकटून राहिली. कोणाच्या लक्षात आलं नाही. मी रोज तापत होते आणि नळी रोज थोडी थोडी भाजत होती. मला ते कळत होतं. कळून काय उपयोग?

एका दुपारी शाळेच्या सहलीसाठी काजूच्या बिस्किटांची मोठी ऑर्डर होती. सकाळी भाजलेल्या बिस्किटांच्या पेट्या घेऊन वहिनी शाळेकडे निघाली. उरलेली बिस्किटं भाजायला आत्या मागे थांबली. टेबलावर अननसाच्या फोडी वाळत घातल्या होत्या. त्यांच्यावर माश्या बसतात म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्या, दारही ओढून घेतलं. मग नेहमीसारखा सिलिंडरचा कॉक उघडून ठेवला, माझी कळ मात्र बंदच, आणि ट्रे भरायला बसली. कॉक आधी उघडायचा आणि ट्रे भरून झाल्यावर काडी लावायची, ही तिची जुनी सवय. गॅस कुठे सुटत असलाच, तर तेवढ्या वेळात तिच्या नाकाला कळायचाच.

त्या दिवशी नळी फाटली होती. गॅस जड असतो. तो आधी फरशीवर पसरला, मग माझ्या पायांशी साचला, मग टेबलाखाली शिरला. तो घाणेरडा, डोकं उठवणारा वास खोलीभर झाला होता आणि आत्या त्याच्यात बसून शांतपणे बिस्किटांवर काजू लावत होती. एकेक काजू, अगदी मधोमध. मी इतकी वर्षं आगीशी खेळले, पण भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. एक ट्रे भरला. दुसरा भरला. ती उठली, काडेपेटी घेतली आणि माझ्यासमोर गुडघे टेकून बसली.

दार धाडकन उघडलं.

“वन्सं, काडी ओढू नका! ठेवा खाली! आधी ठेवा खाली ती!”

“अगं, काय झालं? एवढी ओरडतेस काय?”

“गॅस! खोली भरली आहे सगळी! तुम्हाला...”

 वहिनीने कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या. पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात, ठिणगी उडेल म्हणून, चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि आत्याला दंडाला धरून अंगणात ओढत नेलं. दोघी तिथे रिकाम्या पेट्यांवर बसल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे मला दिसत होतं, ऐकूही येत होतं. वहिनीच्या मुठीत एक अर्धं खाल्लेलं बिस्किट होतं. 

“काजू खवट आहेत,” ती म्हणाली. “वाटेत एक बिस्किट तोंडात टाकलं आणि तिथूनच मागे फिरले. म्हटलं, वन्संच्या नाकाखालून खवट काजू जातातच कसे? भांडायलाच आले होते.”

आत्याने ते अर्धं बिस्किट घेऊन नाकाशी धरलं आणि तसंच परत दिलं.

“कधीपासून, वन्सं?”

“त्या तापापासून.”

“म्हणजे इतके महिने? आणि मी त्या भट्टीला शिव्या घालत बसले?”

“तू घातल्यास. मी घालू दिल्या.” आत्याने पदराने तोंड पुसलं. “दादा गेल्यावर हे दुकान तुझं झालं, वहिनी. माझ्याकडे काय होतं? नाक होतं. तेही गेलं म्हटल्यावर मी इथे कोण? पाहुणी?”

वहिनी तिची समजूत घालेल असं मला वाटलं होतं. तिने घातली नाही. ती भडकली.

“आज मी ते बिस्किट खाल्लं नसतं, तर परत आल्यावर मला काय दिसलं असतं, ते सांगा मला. सांगा ना! मी कुणाला हाक मारली असती?”

आणि मग ती रडायला लागली. कमरेवर हात ठेवून बोलणारी वहिनी मी तशी कधी पाहिली नव्हती. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. 

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने फाटलेली नळी काढून दाखवली. आत्या म्हणाली, नवी नळी घालू, भट्टी नीट ठेवू, झालं. वहिनी म्हणाली, विजेचा ओव्हन आणू. काचेच्या दाराचा, वेळ झाली की घंटा वाजवणारा. डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल.

“पण भट्टीचा काय दोष, वहिनी? तिच्यावर आधीच माझ्यामुळे अन्याय झाला आहे.”

“दोष कुणाचाच नाही. पण नळी पुन्हा फाटली तर तुम्हाला कळणार नाही. भट्टी आणि तुम्ही, दोघींपैकी एकीलाच मी इथे ठेवू शकते, वन्सं. मला तुम्ही हव्या आहात.”

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? माझ्यात काहीच बिघाड नसताना मला बाहेर काढलं. पण वहिनीच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

आत्याचं नाक अजून परत आलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, येईलही, येणारही नाही. नव्या ओव्हनची घंटा वाजते आणि बिस्किटं बरी होतात, पूर्वीइतकी नाहीत. कधी कधी ती गरम बिस्किट घेऊन मागच्या पायरीवर येऊन बसते, ते नाकाशी धरते, डोळे मिटते, आणि मग न खाताच खाली ठेवते. तेव्हा मला तिच्याकडे पाहवत नाही. पण परवा तिने आतून मोठ्याने विचारलं, “वहिनी, काजूचा वास घेऊन बघ गं, ठीक आहेत का?” इतक्या महिन्यांत तिने हे पहिल्यांदा तोंडाने विचारलं.

मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या, नळ्या तपासा, हे तर मी सांगेनच. पण माणसांकडेही बघा. तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू येत असेल आणि तो नुसती मान डोलावत असेल. कोणाला दिसत नसेल आणि ती पेपर नुसताच समोर धरून बसत असेल. त्यांना हसू नका, पण गप्पही राहू नका. जवळ जा आणि हळूच विचारा. आत्याचा चेहरा पांढरा पडला तो मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. मला विचारता आलं नाही. तुम्हाला येतं.