मनमाडचा काळा स्पंज

मित्रांनो, मी एक जुना, काळा पडलेला स्पंज आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळा होतो, हे आज सांगूनही कुणाला खरे वाटत नाही. माझ्या पोटातून एक नळी जाते. तिला हवेचा पंप जोडला की बुडबुडे निघतात, टाकीतले पाणी माझ्यातून गाळले जाते आणि मासे सुखाने श्वास घेतात.

मनमाडला मोतीराम आबांच्या टाकीत मी नऊ वर्षे काढली. आबा रेल्वेतून निवृत्त झालेले. दर पंधरा दिवसांनी ते टाकीतलेच पाणी बादलीत काढत आणि मला त्यात हलकेच पिळत. माझा रंग हळूहळू गेला. पाहुणे म्हणत, "एवढी छान टाकी, आणि हे काय घाणेरडं ठेवलंय?" आबा नुसते हसत. मला मात्र वाईट वाटे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. आबांची नात संजना नाशिकला सिडकोत राहते. तिला दम्याचा त्रास आहे. आजारपणामुळे बरेच दिवस तिला खेळायला बाहेर सोडत नव्हते, म्हणून तिच्या बाबांनी, नवनाथने, घरात काचेची नवी टाकी आणली आणि सात सोनेरी मासे सोडले. आठव्या दिवशी सकाळी संजनाचा फोन आला.

"आबा, मासे वर येऊन तोंड उघडतायत. त्यांना दम लागलाय. मला लागतो ना, तसाच."

"पंप चालू आहे का, बाळा?"

"चालूय. पाणी वर हलतंय पण. दोन मासे मेले, आबा."

"बाबाला दे जरा."

आबांनी नवनाथला एकेक गोष्ट विचारली. टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडले होते. खाणे दिवसातून चार वेळा पडत होते. पाणी थेट नळाचे.

"आणि फिल्टर?"

"रोज नळाखाली घासतो. एकदम चकाचक," नवनाथ म्हणाला. "संजनासाठी घरात धुळीचा कण ठेवत नाही मी. मग टाकी कशी घाण ठेवीन?"

आबा म्हणाले, "आता काही धुऊ नकोस. खाणं बंद ठेव. दुकानातून क्लोरीन घालवायचे थेंब आण, ते बादलीतल्या पाण्यात टाक, आणि टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी काढून ते हळूहळू घाल. मी दुपारच्या गाडीनं येतो."

मग आबा कात्री घेऊन माझ्यासमोर आले. त्यांच्या टाकीत दोन म्हातारे मासे होते. त्यांनाही माझी गरज होती. "अर्धा इथं राहा, अर्धा तिकडं चल," असे म्हणून त्यांनी मला मधोमध कापले. मला दुखले नाही, पण भीती वाटली. माझा एक अर्धा भाग टाकीतल्या पाण्यासकट प्लास्टिकच्या डब्यात बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा प्रवासाला निघाला. वाटेत आबा अधूनमधून झाकण उघडून मला हवा देत होते. शेजारच्या बाई नाकाला पदर लावून बसल्या होत्या.

डब्यात मला पाहताच नवनाथ मागे सरकला. "आबा, हे घरात नको. डॉक्टरांनी बुरशीपासून जपायला सांगितलंय."

"ही बुरशी नाही रे. आणि हा पाण्याबाहेर राहणारच नाही."

आबांनी काचेच्या नळीत टाकीतले पाणी घेतले आणि त्यात तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळे राहायला हवे होते. ते गर्द हिरवे झाले.

"हा अमोनिया," आबा म्हणाले. "माशांच्या विष्ठेतनं, उरलेल्या खाण्यातनं होतो. त्यानं कल्ले भाजतात. मग हवा असूनही श्वास पुरत नाही. जुन्या फिल्टरमध्ये बारीक जिवाणू राहतात, ते हा अमोनिया संपवतात. नवीन टाकीत ते वस्तीला यायला महिना-दीड महिना लागतो. तू रोज नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात घासून त्यांना येऊच दिलं नाहीस."

नवनाथ स्टुलावर बसला. "म्हणजे मीच मारले."

"तू माया केलीस. माहीत नव्हतं, एवढंच." आबांनी डबा त्याच्या हातात दिला. "सोड तूच."

मित्रांनो, नवनाथने बाह्या वर सारल्या. त्याने मला पाण्यात ठेवले, पंप जोडला, आणि मी कामाला लागलो. ज्याला सगळे मळ म्हणत, ती माझ्या अंगातली वस्ती होती, हे मलाही त्या दिवशीच कळले.

चमत्कार काही झाला नाही. दुसऱ्या दिवशी आणखी एक मासा गेला. संजना रडली आणि रडता रडता तिचाच श्वास अडकू लागला. नवनाथने तिला फवाऱ्याचे औषध दिले आणि तिचा श्वास सुरळीत होईपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. आबा रोज थोडे पाणी बदलत आणि तपासत राहिले. हिरवा रंग फिकट होत गेला. बुंदी नावाच्या ठिपकेवाल्या माशाचे कल्ले किती भरभर हलतात, ते संजना घड्याळ लावून मोजायची आणि वहीत लिहायची. नवव्या दिवशी तिने वहीतून डोके वर काढले. "बाबा, बुंदी खाली गेली. वर येतच नाहीये."

नवनाथ घाबरून धावला. बुंदी तळाच्या खड्यांत तोंड खुपसून काहीतरी शोधत होती. भूक लागली होती तिला.

आबा मनमाडला परतले. तिथे माझा दुसरा अर्धा भाग आहे, इथे मी. संजना आता खेळायला बाहेर जाते, पण निघण्याआधी टाकीजवळ थांबते.

मित्रांनो, नवी टाकी आणाल तर मासे आणायची घाई करू नका. मोजके मासे सोडा, मोजकेच खायला घाला. ओळखीत कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर माझ्यासारखा एखादा काळा तुकडा मागून घ्या. माझ्या रूपाला हसू नका. माशाला हाक मारता येत नाही. तो वर येऊन तोंड उघडतो, तेवढेच त्याला सांगता येते. ते ऐकायला थोडा वेळ काचेसमोर बसा.