एवान्थियाच्या कॉफीघरातली खुर्ची

मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मोठमोठी माणसं येत असतील. जिच्यासाठी भांडणं होतात, जिच्यावर बसल्यावर उठवत नाही, ती खुर्ची. मी तसली नाही. मी एक जुनी, चेस्टनटच्या लाकडाची, गवती बैठकीची खुर्ची आहे. माझा सगळा जन्म ग्रीसमधल्या एका डोंगरी गावात, एका कॉफीघरात गेला. तरीपण एक खराखुरा मंत्री माझ्यावर बसून घडला, हे मी अभिमानाने सांगते.

माझा जन्म स्तमातिस सुताराच्या अंगणात झाला. त्याने माझे पाय रंध्याने गुळगुळीत केले आणि त्याच्या बायकोने ओढ्याकाठचं लांब गवत भिजवून, पीळ देऊन माझी बैठक विणली. तिच्या हाताला मोठा जोर होता. ती वीण इतकी घट्ट होती, की माझ्यावर पहिल्यांदा बसलेला माणूस म्हणाला, "ही खुर्ची आहे की पाटा?" बसून बसून मी मऊ झाले. नव्या खुर्चीचं असंच असतं.

मला विकत घेतलं ते एवान्थियाच्या नवऱ्याने. तो लवकर वारला आणि कॉफीघर एवान्थियाच्या गळ्यात पडलं. बाईने कॉफीघर चालवायचं, हे तेव्हा गावाला रुचलं नव्हतं. पण तिच्या हातची कॉफी प्यायल्यावर गावाचं तोंड बंद झालं. काळा पोशाख, डोक्याला काळा रुमाल आणि जिभेला सुरीची धार! गावात कोण कडू पितं, कोण मध्यम, कोण गोडमिट्ट, हे तिला तोंडपाठ होतं. माणूस दारात दिसला, की तांब्याचं भांडं निखाऱ्यावर चढायचं.

मग राजकारणाची वर्षं आली. चौकात चिनाराच्या एका बाजूला आमचं दुकान आणि दुसऱ्या बाजूला प्रोद्रोमोसचं. आमच्याकडे जुन्या वळणाची, चर्चला जाणारी, परंपरा मानणारी माणसं बसायची. त्यांच्या पक्षाचा रंग निळा, म्हणून आम्हा सगळ्या खुर्च्यांना निळा रंग फासला गेला. समोरच्या खुर्च्या हिरव्या झाल्या. त्यानंतर निळा माणूस तहानेने मेला तरी हिरव्या दुकानात पाणी मागत नसे. एकाच चिनाराची सावली, पण तिचीसुद्धा वाटणी झाली होती.

त्या दिवसांत लिसान्द्रोस पहिल्यांदा आमच्याकडे आला. शेजारच्या खोऱ्यातल्या शाळामास्तरांचा मुलगा, अथेन्सला वकिली शिकून परतलेला. निळ्या पक्षाने त्याला नुकतंच पुढे आणलं होतं. देखणा होता, हुशार होता, पण बोलायला उभा राहिला की हात वारा सुटल्यासारखे हलायचे. भाषण संपल्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली. एवान्थियाने तेवढी थोपटली नाही.

"छान बोललास," ती कप ठेवत म्हणाली. "पण बाळा, तू मतं मागत होतास की मेंढरं हाकत होतास?"

दुकान हसलं. लिसान्द्रोसचे कान लाल झाले, पण तोही हसला. मला तेव्हाच तो आवडला. हसण्यावारी नेणं सोपं असतं. स्वतःवर हसणं अवघड.

इतक्यात एक विधवा आली आणि मुलाला सरकारी नोकरी लावून देण्याची विनवणी करू लागली. लिसान्द्रोस तिचे हात धरून म्हणाला, "होईल, काकू, नक्की होईल." बाई डोळे पुसत गेली.

"होणार आहे का?" एवान्थियाने विचारलं.

"प्रयत्न करीन ना, मावशी."

"मग 'प्रयत्न करीन' म्हणायचं. तुझ्या तोंडून 'होईल' निघालं, की ती घरी जाऊन पोराला सांगणार. पोरगा उद्या शेळ्या विकणार, परवा नवा कोट शिवणार. तुझ्या एका शब्दापायी त्यांचं घर उठेल."

तो कप अर्धा टाकून उठला आणि त्या बाईच्या मागे चढणीवर धावत गेला. परत आला तेव्हा धापा टाकत होता.

"काय म्हणाली?" एवान्थियाने विचारलं.

"शिव्या दिल्या."

"दे टाळी! आता ती तुला मत देईल."

त्या दिवसापासून तो खोऱ्यात आला की आमच्याकडे यायचा आणि नेमका माझ्यावरच बसायचा. एवान्थिया त्याचं कौतुक करताना कंजूष नव्हती. फक्त ते त्याच्या पाठीमागे करायची. "पोरगा सोनं आहे," ती गिऱ्हाइकांना सांगे. "मास्तरांनी घडवलाय. मोठा होणार बघा." आणि तो समोर आला, की त्याच्या गबाळ्या टायवरून त्याला धारेवर धरी.

आता मी त्या रविवारची गोष्ट सांगते. निवडणूक तोंडावर आली होती. हिरव्या पक्षाचा उमेदवार होता इओर्दानिस, समोरच्या प्रोद्रोमोसचाच मुलगा. लढत अटीतटीची होती. चर्चमधली प्रार्थना संपली, लोक चौकात जमू लागले, तेवढ्यात निळ्या पक्षाचे जिल्ह्याचे पुढारी क्लेआन्थिस साहेब टपावर भोंगा लावलेली मोटार घेऊन आले. ते आत येऊन लिसान्द्रोसच्या कानाशी वाकले. लिसान्द्रोस माझ्यावरच बसला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आज रस्ता आणि शाळा राहू दे. आज विस्तव टाक. समोरच बसलाय इओर्दानिसचा बाप. यादवीच्या वर्षांत डोंगरातून टोळी उतरली, गावातून माणसं उचलून नेली, तेव्हा हा त्या टोळीत होता. सगळ्यांना ठाऊक आहे. तू फक्त मोठ्याने म्हण." मग त्यांनी एवान्थियाकडे हनुवटी केली. "या बाईचा बाप त्या नेलेल्यांतलाच. परत आलाच नाही. तिला बोटाने दाखव. अख्खं खोरं पेटून उठेल."

मित्रांनो, ही गोष्ट खरी होती की खोटी, मला माहीत नाही. मी तेव्हा झाडात होते. एवढंच माहीत आहे, की एवान्थियाच्या वडिलांना एका हिवाळ्यात माणसं घेऊन गेली आणि त्यांची कबरसुद्धा कुठे नाही. त्याच हिवाळ्यानंतर प्रोद्रोमोसच्या भावाला दुसऱ्या बाजूच्या माणसांनी नेलं. त्याचीही नाही. पितरांच्या शनिवारी दोन्ही घरांत गेलेल्यांच्या नावाने गहू उकडायचे, दोन्ही परड्या चर्चमध्ये जायच्या आणि दोन टोकांना ठेवल्या जायच्या.

"साहेब, तुमची कॉफी गार होतेय," एवान्थिया एवढंच म्हणाली.

क्लेआन्थिस साहेब भोंगा तपासायला बाहेर गेले. तशी तिने दार लोटून कडी लावली. लिसान्द्रोसची बोटं माझ्या कडेवर घट्ट रुतली होती.

"लिसान्द्रोस, मी तुझीच आहे. माझं मत तुझं, या दुकानाच्या भिंतीसुद्धा तुझ्या. पण माझा बाप मी कोणाला उसना देत नाही."

"मावशी, मी बोलणारच आहे असं कुठे..."

"तुझ्या मनात आलंय. तोंडावर दिसतंय."

तो खाली बघत म्हणाला, "आणि ते खरं असेल तर?"

"खरं असेल तर न्यायाधीशापुढे ने, वकील आहेस ना! चौकात कसला न्याय होतो? चौकात टाळ्या होतात." तिने बंद दारापलीकडे हात केला. "इतकी वर्षं तो म्हातारा माझ्यासमोर बसतोय. मला जाब विचारायचा असता, तर हा चौक ओलांडायला मला तुझा पक्ष लागला नसता. तिथे त्याची नात मांडीवर बसलीये. उद्या तिला शाळेत पोरं काय म्हणतील? आणि परवा तिची पोरं आमच्या पोरांना?"

लिसान्द्रोसने माझी कड सोडली.

"तू म्हणतोस, आपण जुनं जपणारी माणसं. मला ते पटतं, म्हणून तर मी तुझ्या बाजूची. पण जुनं म्हणजे नुसती चर्चची घंटा नाही रे. आम्ही एकमेकांच्या दारावरून मान खाली घालून जातो, बोलत नाही, पण दगडही मारत नाही. हे आम्ही फार कष्टाने कमावलंय. ते जप. नाहीतर तुझ्यात आणि पेटवणाऱ्यात फरक काय?"

बाहेरून दार वाजलं. "उमेदवार! लोक थांबलेत!"

एवान्थियाने त्याचा टाय सरळ केला आणि कडी काढली. मग मला उचलून स्वतः चिनाराखाली नेऊन ठेवलं. लिसान्द्रोस माझ्यावर चढून उभा राहिला.

क्लेआन्थिस साहेबांनी आपल्या माणसांना आधीच पढवून ठेवलं होतं. "ती वर्षं सांग!" गर्दीतून आरोळी आली. "कोणी कोणाला नेलं ते सांग!" समोर प्रोद्रोमोसच्या हातात चाळा म्हणून असलेल्या मण्यांच्या माळेची टकटक थांबली. माझ्यावर उभ्या माणसाचा तोल कुठे झुकतो, ते मला इतरांपेक्षा आधी कळतं. त्याने दोन्ही पाय घट्ट रोवले.

"त्या वर्षांबद्दल मी या चौकात बोलणार नाही," लिसान्द्रोस म्हणाला. या वेळी त्याचे हात हलले नाहीत. "ज्यांची माणसं गेली ती इथेच बसलीत. या बाजूला आणि त्या बाजूलाही. त्यांना कधी बोलावंसं वाटलं, तर मी डोक्यावरची टोपी काढून ऐकेन. ते दुःख माझं नाही, त्यावर मी मतं मागणार नाही. मी बंद पडत चाललेल्या शाळेसाठी मागायला आलोय. रस्त्यासाठी, चर्चच्या गळक्या छपरासाठी."

कोणीतरी हेटाळणीची शीळ मारली. क्लेआन्थिस साहेब संतापाने मोटारीत बसले आणि निघून गेले. भोंगा मोटारीच्या टपावर होता, तोही गेला. लिसान्द्रोसचा आवाज एकदम लहान झाला. पण त्याने न थांबता सगळं भाषण पुरं केलं. मागच्या रांगेला ऐकू येईना, म्हणून लोक हळूहळू पुढे सरकले. आमच्या बाजूने टाळ्या वाजल्या त्या बेताच्याच. समोरून एकही नाही.

गर्दी पांगली. एवान्थिया मला पुन्हा दुकानाबाहेर मांडत होती. तेवढ्यात समोर काठीचा आवाज झाला. प्रोद्रोमोस उठला होता. नातीला तिच्या आईकडे देऊन तो चिनाराच्या या बाजूला, आमच्याकडे चालत येत होता. दोन्ही दुकानांतली माणसं माना वळवून बघत होती.

"एवान्थिया," तो म्हणाला, "बसायला जागा आहे का?"

तिने मला पुढे सरकवलं. तो बसला. अंगात काहीच उरलं नव्हतं त्याच्या, पिसासारखा हलका. ती आत वळली, भांडं हातात घेतलं आणि तशीच थबकली. साऱ्या गावाच्या आवडी जिला पाठ, ती बाई परत दारात आली.

"तुम्ही कशी घेता?"

"साखर अगदी नावाला," प्रोद्रोमोस म्हणाला.

तिने कॉफी आणली, शेजारी पाण्याचा पेला आणि साखरेत मुरवलेल्या चेरी ठेवल्या. तो सावकाश प्यायला. उठताना एवढंच म्हणाला, "तुझे वडील शीळ फार छान घालायचे. लहानपणी आम्ही मेंढ्या एकत्र चारायचो." एवान्थियाने पालथ्या हाताने डोळे पुसले आणि रिकामा कप उचलला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, की मग लिसान्द्रोस निवडून आला. नाही, तो पडला. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि इओर्दानिस जिंकला. निकालानंतर लिसान्द्रोस आला आणि माझ्यावर बसला. एवान्थियाला त्याच्याकडे बघवेना.

"माझ्यामुळे पडलास, पोरा."

"पडलो खरा," तो म्हणाला. "पण मावशी, आज वर येताना हिरव्या दुकानातल्या चौघांनी मला 'या' म्हटलं. जिंकून मान खाली घालून आलो असतो, तर मला ही चढण चढवली असती का?"

पुढच्या खेपेला तो निवडून आला. नंतर मंत्री झाला. चर्चचं छप्पर झालं, शाळाही टिकली. मंत्री झाल्यावरही तो येई आणि एवान्थिया त्याला तितकंच धारेवर धरी. तिने पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "निवडून येईपर्यंत तू निळ्यांचा होतास. आता समोरच्या दुकानात जाऊन बस आधी, मग इकडे ये." आणि तो गेला होता.

पुढे प्रोद्रोमोस गेला. मग एवान्थियाही गेली. तिच्या मुलांनी दुकानात पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या, एकावर एक रचता येणाऱ्या. मी सरपणाच्या खोलीत आले. माझा एक पाय डुगडुगतो आणि बैठकीची वीण मधोमध तुटली आहे. रंगही आता निळा म्हणण्यासारखा राहिलेला नाही. मला राग नाही. फक्त थंडी पडली, की कोणाचा हात आधी लाकडांकडे जाईल आणि मग माझ्याकडे, याची भीती वाटते.

मित्रांनो, तुमच्याकडे अशी एखादी जुनी खुर्ची असेल, तर तिची वीण वेळीच बांधून घ्या. थोडं गवत आणि एक दुपार, एवढंच लागतं. आणि तुमच्यातलं कोणी उद्या मोठं होऊ लागलं, तर त्याला हार घालणारे पुष्कळ भेटतील. त्याच्या बाजूचं असूनही त्याला "असं करू नकोस" म्हणणारं एक माणूस मात्र जिवापाड सांभाळा, आणि त्या दोघांना समोरासमोर बसायला जागा असू द्या.