आजोबांची भांडी

१९७२ साली मी चोवीस वर्षांची होते. परदेशात, पोलिओ झालेल्या मुलांच्या केंद्रात वर्षभर स्वयंसेविका म्हणून गेले होते. जाण्यापूर्वी सहा महिने तिथली भाषा शिकले होते, राहायचं मात्र एका अनोळखी कुटुंबात. त्या घरच्या बाईला मी ताई म्हणायचे. ती घरीच शिवणकाम करायची, तिचा नवरा बस चालवायचा. तिच्या सासऱ्यांनी जन्मभर बेकरीत काम केलेलं. त्यांना सगळेच आजोबा म्हणत. माझी खाट शिलाई मशीनच्या खोलीत होती, अर्ध्या शिवलेल्या कोटांच्या मध्ये.

केंद्राच्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "महिना झाला की घरच्यांना विचारू. ते नको म्हणाले तर परतीचं तिकीट. दुसरं घर नाही आमच्याकडे."

परक्याच्या घरी ऐतखाऊसारखं बसू नये, ही आईची शिकवण. मी पहाटे साडेपाचला उठून रात्रीची खरकटी भांडी घासून टाकू लागले. ताई म्हणायची, "राहू दे गं, तू पाहुणी." मला तो शिष्टाचार वाटायचा.

दुसऱ्या आठवड्यात ताईचं बोलणं तुटक झालं. आजोबा न्याहारीला येईनासे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मी खोलीत गेले की डोळे मिटायचे. माझ्यावरच रागावलेत, मला वाटलं. मग मी खिडक्या पुसल्या, आजोबांच्या बुटांना पॉलिश केलं. केंद्रात मुलांचे पाय वाकवून व्यायाम देतानाही डोक्यात उरलेले दिवस मोजणं चालू. जिला मी चिमणी म्हणायचे ती सात वर्षांची मुलगी एकदा ओरडली, "अगं, पाय आहे माझा, धुणं पिळतेस का!"

"पोरी, आता छपरावरची कौलं तेवढी धुवायची राहिलीत," ताईचा नवरा म्हणाला. तो हसला. ताई हसली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी धीर करून तिला विचारलं, "माझं काही चुकलं का?"

तिने ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या. "सासूबाई गेल्या तेव्हा आजोबांनी चार महिने अंथरूण सोडलं नव्हतं. मी मुद्दाम भांडी तशीच ठेवायला लागले. म्हटलं, सुयांनी बोटं फाटलीत, पाणी झोंबतं, तुम्हीच घासा. तेव्हापासून सकाळी उठायचे, भांडी घासायचे, मग दाढी, मग बाजार. आता उठून करणार काय?"

"अहो ताई, सांगायचं ना मला!"

"रोज सांगत होते. ऐकतेस कुठे तू!"

"परवा बाई विचारायला येतील. काय सांगाल?"

"ते मलाच अजून कळत नाहीये."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला जाग आली, पण मी हात उशीखाली दाबून पडून राहिले. आजोबा उठले नाहीत. संध्याकाळी परत आले तर ढीग तसाच, वर दुपारचीही भर. ताईचा नवरा वाडग्यातून चहा पीत होता.

बाई येणार त्या सकाळी स्वयंपाकघरात आदळआपट ऐकू आली. धावत गेले. आजोबा बनियनवर, कोपरापर्यंत साबण.

"एवढी धडधाकट मुलगी घरात, आणि पातेल्याला दोन दिवसांचा थर! आळशी कुठली! उभी काय राहिलीस? फडकं घे, पूस."

मी पुसू लागले. डोळ्यांतलं पाणी बशीत पडलं.

"ही परत पूस. ओली आहे."

दुपारी बाईंनी वही उघडली. ताई म्हणाली, "राहू दे तिला. आमच्या आजोबांना ओरडायला हक्काचं माणूस मिळालंय."

मी वर्षाऐवजी दोन वर्षं राहिले. आजोबा त्यानंतर पाच वर्षांनी गेले. शेवटचे दोन आठवडे सोडले तर भांडी त्यांनीच घासली, असं ताईने कळवलं. चिमणी कुबडी घेऊन चालायला लागली आणि पुढे त्याच केंद्रात मुलांना व्यायाम देऊ लागली. हात माझ्यापेक्षा हलका आहे, असं तिनेच लिहिलं होतं. ताईचा नवरा निवृत्तीनंतर वर्षभरात गेला. ताई आता नव्वदीला टेकलीय. डोळ्यांना दिसत नाही, मशीन कधीच विकली. फोनवर मला अजून पोरीच म्हणते.