नानांचा पखवाज आणि मी

ऐकणं हा माझा धंदा, बोलणं नव्हे. तरी आज बोलतोय. मी मेघाचा रेकॉर्डर. तळहातावर मावेन एवढा, डोक्यावर दोन माइक, अंगावर दोन-चार पोचे. शहरात कुठं गाण्याची बैठक असली की मेघा चिकलठाण्याच्या कंपनीतून सुटायची आणि मला स्कूटीच्या डिकीत टाकून थेट तिथं पोचायची.

मला बसवणं हा तिचा एक सोहळाच असे. आधी नवे सेल. मग गायकासमोर तिपाई. पंख्याचा वारा लागू नये म्हणून माझ्या डोक्यावर केसाळ टोपी. ती पाहून लोक विचारत, "हे उंदरासारखं काय आणलंय?" तबलजी ठाकठूक करू लागला की मेघा हेडफोन लावून माझ्या आवाजाची पातळी ठरवायची. कितीही जोरात थाप पडली तरी माझ्या पडद्यावरची पट्टी लाल रंगाला शिवता कामा नये, हा तिचा हट्ट. पहिल्या रांगेत खोकणाऱ्या काकांकडे ती अशी बघायची की काका खोकला गिळून टाकत. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

दर गुरुवारी संध्याकाळी मात्र बजाजनगरचं भजन. तिथं पखवाज वाजवायचे मेघाचे वडील, नानासाहेब. मूळचे सोयगावकडचे, सगळी नोकरी वाळूजला पत्रा ठोकणाऱ्या यंत्राशेजारी गेली. त्या धडधडीनं त्यांचे कान हळूहळू खाल्ले. कमी ऐकू येणारा माणूस मोठ्यानं बोलतो. नाना मोठ्यानं वाजवू लागले. पखवाजाच्या कणिक लावलेल्या डाव्या तोंडावर थाप पडली की कचरूबुवांचा अभंग तिच्याखाली गायब व्हायचा. कचरूबुवा मंडळाचे गायक आणि नानांचे जुने दोस्त. सगळ्यांना कळत होतं, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

मेघानं एक युक्ती काढली. मला ती बुवांच्या तोंडाशी, नानांकडे पाठ करून ठेवू लागली. घरी आल्यावर नाना हेडफोन लावून ऐकायचे आणि खूश व्हायचे. "कसा गोड लागलाय बघ पखवाज, बुवाच्या मागं मागं." मेघा नुसती मान हलवायची. मला ते पटत नव्हतं, पण तोंड कुठं करायचं हे रेकॉर्डरच्या हातात नसतं.

पुढे चिकलठाण्याच्या सप्ताहाचं आमंत्रण आलं, तेव्हा कचरूबुवांनी मेघाला दाराबाहेर गाठलं.

"पोरी, माझा गळा फाटायला लागलाय. मंडळी म्हणतेत दुसरा पखवाजी बघा. नानाला सांगायला माझी जीभ रेटत नाय. तूच सांग."

त्या गुरुवारी मेघानं मला सगळ्यांच्या मागं, ऐकणारी माणसं बसतात तिथं ठेवलं. घरी नानांनी हेडफोन लावला.

"पेटी कुठंय? बुवा कुठंय?"

"आहेत, नाना. तुमच्या आवाजाखाली आहेत."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आन् तू मला दुसरंच ऐकवत व्हतीस." त्यांनी हेडफोन काढून ठेवला. "आजपासून माझं काही टेप करायचं नाय. शब्द दे."

मेघानं शब्द दिला.

पखवाजावर खोळ चढली. गुरुवारी संध्याकाळी नाना गच्चीवर जाऊन बसू लागले. कानाचं यंत्रही आणून झालं; त्यातून थाप पत्र्यासारखी लागते म्हणून ते कपाटात पडलं. घरात कुणी भजनाचं नाव काढेना.

एका रविवारी मेघा बैठकीसाठी माझी तयारी करत होती. तिनं सेल घातले, हेडफोन लावला, माझ्यासमोर चुटकी वाजवून पाहिली. पेपर वाचणाऱ्या नानांनी विचारलं, "त्यात काय ऐकू येतं?" तिनं हेडफोन काढून त्यांच्याच कानाला लावला. आत सारजाबाई, म्हणजे मेघाची आई, खलबत्त्यात लसूण ठेचत होत्या.

"ही लसूण ठेचतीय व्हय?" नाना म्हणाले.

मग ते उठले. मला पखवाजाजवळ नेलं, खोळ काढली आणि एका बोटानं टिचकी मारली. पुन्हा मारली, आणखी हळू. मग डोळे मिटून वाजवत राहिले. नाना इतकं हलकं वाजवू शकतात हे मेघा विसरून गेली होती. मी तर कधी ऐकलंच नव्हतं.

सप्ताहाला नाना मला घेऊन गेले आणि हेडफोन लावूनच वाजवायला बसले. टाळकरी म्हणाले, "नाना, क्रिकेट ऐकताय का?" नानांनी लक्ष दिलं नाही. कचरूबुवा त्या दिवशी सावकाश गायले. नंतर ते नानांच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "नानासाहेब, लई दिवसांनी माझं गाणं मलाच ऐकू आलं."

तेव्हापासून मी नानांचा झालो. बैठकींना मेघा हल्ली फोन घेऊन जाते. मी दर गुरुवारी नानांच्या गुडघ्याशी असतो, वायर त्यांच्या कानाला. माझा लाल दिवा लुकलुकत असतो. लुकलुकतोय म्हणजे मी नुसता ऐकून पुढं देतोय; साठवू लागलो की तो स्थिर जळतो. मेघा शब्दाला पक्की, तिनं तो कधी स्थिर होऊ दिला नाही. गाणं माझ्यातून येतं आणि निघून जातं. एके काळी शहरभरची गाणी जपणाऱ्याला हे जड जातं, खोटं कशाला बोलू?

माझ्या कार्डात कितीतरी वादक आहेत. नाना मात्र नाहीत. जुन्या भजनांत माझी त्यांच्याकडे पाठ आहे, एकात नुसता दणदणाट आहे, आणि आता ते इतकं सुंदर वाजवतायत तर काहीच नाही.

मेघा, तुझ्या लक्षात आलं नसेल. नाना माझा आवाज हळूहळू वाढवत चाललेत. परवा शेवटची खूण आली. त्याच्यापुढं द्यायला माझ्यापाशी काही नाही. शब्द त्यांनी रागात घेतला होता. मागितलास तर परत देतील. त्यांच्या कानांत आता फार गुरुवार उरलेले नाहीत. येत्या गुरुवारी मागून बघ.