आठ रविवारांची वही

मी एक चित्रवही बोलतेय. जाड पुठ्ठ्याची, बंद करायला काळं इलॅस्टिक असलेली. दुकानाच्या फळीवर मी वर्षभर कोरी पडून होते. कोरं असण्यात काही मोठेपणा नसतो, हे मी स्वानुभवानं सांगते. लोक पानांवरून हात फिरवायचे, "छान आहे" म्हणायचे आणि स्वस्तातली दुसरी वही घेऊन जायचे.

शेवटी मला बाईंनी घेतलं. बाई शाळेत गणित शिकवतात आणि त्यांचे यजमान, म्हणजे माझे मालक, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहेत, इमारतींचे नकाशे काढतात.

"जन्मभर लोकांची घरं काढलीत. आता सुट्टीत स्वतःसाठी काहीतरी काढा," असं म्हणून बाईंनी मला त्यांच्या हातात दिलं.

मालकांनी ते फारच मनावर घेतलं. प्रवासाला निघाले की मी त्यांच्या पिशवीत असायचीच. स्टेशनचा जिना, लॉजमधला गळका नळ, तोंडावर टोपी ओढून डुलक्या काढणारा प्रवासी, सगळं माझ्यावर उतरू लागलं. घरी असले तर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग किंवा बसच्या रांगेतल्या चपला. खोडरबर वापरायचा नाही हा त्यांचा नियम. चुकलेली रेघ तशीच ठेवायची आणि तिच्याशेजारी बरोबर रेघ मारायची. त्यामुळे माझी सुरुवातीची पानं जरा केसाळ दिसतात, पण मला त्यांची लाज वाटत नाही.

एक खोड मात्र होती. इमारतीची उंची कळावी म्हणून नकाशात दाराशी एक माणूस उभा करतात. ते काम मालक बाईंना देत. "अगं, जरा त्या दारात उभी राहा ना!" बाई बिचाऱ्या उन्हात पर्स सांभाळत उभ्या राहत आणि माझ्यावर उमटायची बोटाच्या पेराएवढी, बिनचेहऱ्याची बाई.

एकदा बोटीच्या प्रवासात बाईंनी मला चाळलं. "अहो, सोळा दारांत उभी आहे मी. एकदा नाक-डोळे तरी द्या!"

मालकांची पंचाईत झाली. आयुष्यात त्यांनी चेहरा कधी काढला नव्हता. मग त्यांनी आपल्याला येतं तेच केलं. पानावर मधोमध उभी रेघ मारली, ट्रेसिंग पेपरवर चेहऱ्याची डावी बाजू काढली आणि कागद उलटा करून उजवी बाजू छापली. सारख्या खिडक्यांच्या इमारती ते अशाच काढतात, निम्मं काम वाचतं.

बाईंनी चित्र निरखलं. "ही कोण? माझी उजवी भुवई मध्ये तुटलेली आहे. लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते. सव्वीस वर्षांत तुम्हाला दिसली नाही?"

बाई हसल्या खऱ्या, पण मी तेव्हा त्यांच्या मांडीवर होते. त्यांना ते लागलं होतं.

पुढं दोन महिन्यांनी, एका सकाळी चूळ भरताना बाईंच्या तोंडातून डावीकडून पाणी ओघळलं. डावा डोळा मिटेना, ओठ खाली ओढला गेलेला. डॉक्टर म्हणाले, "चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांचं बरं होतं. पण धीर धरावा लागेल."

धीर कुठून आणायचा? बाईंनी शाळेत रजा टाकली. दारावर कोणी आलं की त्या आतल्या खोलीतूनच बोलायच्या. जेवायला बसताना डावी बाजू भिंतीकडे करून बसायच्या. मी टेबलावर तशीच बंद पडून होते.

एका रविवारी मालक मला घेऊन त्यांच्यासमोर बसले. "मला तुला काढायचंय."

"आत्ता सुचलं? वाकड्या तोंडाची बायको बघायची हौस आली वाटतं!"

"मागच्या वेळी मी बघितलंच नव्हतं गं. या वेळी बघू दे."

बाई म्हणाल्या, "काढा. पण गोड करून काढलंत तर वही फेकून देईन."

मला धडकीच भरली. मालकांनी ट्रेसिंग पेपर घेतला नाही, मधली रेघही मारली नाही. बाईंना डोळे मिटायला सांगून त्यांनी एकेक अंतर पट्टीनं मोजलं आणि चेहरा होता तेवढाच काढला. लोंबलेला ओठ, न मिटणारा डोळा आणि तुटलेली भुवई. बाईंनी ते पाहिलं, मला मिटलं आणि दोन दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पुढच्या रविवारी मात्र स्वतःच खुर्ची ओढून समोर बसल्या.

असे आठ रविवार गेले. आठव्या रविवारी चित्र झाल्यावर बाईंनी एक कागद पुढं ठेवला. "राजीनामा आहे. उद्या पाठवते. 'परिमिती' म्हणताना ओठांतून हवा जाते. मुलं हसली तर चालेल, पण कीव करतील. आरशात रोज बघते मी, काही फरक नाही."

मालकांनी समजूत घातली नाही. मला उघडून पट्टी त्यांच्या हातात दिली. "तूच मोज."

बाईंनी प्रत्येक चित्रात डाव्या पापणीखाली उरलेली फट मोजली. पहिल्या रविवारी सहा मिलिमीटर, चौथ्या रविवारी साडेचार, आज दोन. पोरांचे पेपर तपासावेत तसं त्यांनी पुन्हा मोजून पाहिलं.

"मुद्दाम कमी काढलं नाहीत ना?"

"तेवढी हुशारी असती तर बोटीवर बोलणी खाल्ली असती का?"

बाईंना हसू फुटलं. आधी उजवीकडे, मग थोडं डावीकडे. राजीनाम्याचे त्यांनी चार तुकडे केले.

आता त्या पुन्हा शाळेत जातात. चेहरा पूर्ण सुधारला नाही, कदाचित सुधारणारही नाही. महिन्यातून एकदा त्या दवाखान्यात तपासणीला येतात, तेव्हा मी त्यांच्या पिशवीत असते. आज बाकावर शेजारी एक मुलगी बसली आहे, तोंडावर रुमाल धरून. बाईंनी न विचारताच मला तिच्या मांडीवर उघडलं.

"ही मी. पहिला रविवार."

मुलीनं सगळी पानं पाहिली. मग हलकेच म्हणाली, "माझ्या घरी चित्र काढणारं कोणी नाही."

"मलाही येत नाही," बाई म्हणाल्या, "पण मोजता येतं. रुमाल काढ."

वाचकहो, तुमच्या घरी एखादी कोरी वही पडली असेल, तर तिला जपत बसू नका. समोरच्या माणसाकडे नीट बघा आणि काढा. वाईट आलं तरी आम्ही वह्या बोभाटा करत नाही. माझं एकच पान उरलं होतं, त्यावर बाईंनी आत्ता पेन्सिल टेकवली आहे. रुमाल खाली आलाय. आता मला बोलणं थांबवून स्थिर राहायला हवं.